झाडीपट्टीतली पानगळ

यंदाच्या अंकाचा विषय ‘रंग’ ठरला तेव्हा संपादकांनी माझ्याकडे पानगळीवर लेख मागितला. ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांचे फोटो येऊ लागतात. लालभडक मेपल, पिवळीधमक बर्चची झाडं आणि त्याखाली स्वेटर घालून उभी असलेली आपली माणसं. असं काही आपल्याकडे होत नाही का, हा संपादकांचा प्रश्न होता.

होतं. पण त्यासाठी ऑक्टोबरात जाऊन उपयोग नाही. माघ-फाल्गुनात झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भंडारा जिल्ह्यात जावं लागतं.

दिवाळीच्या दिवसांत तिथल्या कोका अभयारण्याच्या जंगलात गेलात तर हिरव्याशिवाय फारसं काही दिसणार नाही. बाहेर भाताच्या बांध्यांमध्ये लवकर येणारा हलका धान कापून पडलेला असतो, उशिरा येणारा भारी धान अजून उभा असतो, तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि जंगल दाट असतं. फक्त सागाची काही झाडं तांबूस-तपकिरी, जाळीदार दिसतात. पाहुण्यांना वाटतं, पानगळ सुरू झाली. तसं नसतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक बारीक अळी सागाच्या पानावर बसते आणि शिरा सोडून मधला गर खाऊन टाकते. उरते ती पानाची जाळी. तो अळीने केलेला रंग, झाडाने केलेला नाही. झाडाचा स्वतःचा रंग यायला अजून दोन-तीन महिने असतात.

कोण आधी, कोण नंतर

भंडारा शहरापासून वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्य आहे. ते २०१३ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे शंभर चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाही. पलीकडे नागझिरा आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा नागझिऱ्याचा बराचसा भाग तिकडे गेला, पण साकोली तालुक्यातल्या पिटेझरीच्या बाजूने आजही भंडाऱ्यातूनच आत शिरता येतं. उत्तरेला तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आणि त्याभोवतीच्या टेकड्या आहेत. दक्षिणेला पवनीकडे उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल. हे सगळं शुष्क पानझडी वन आहे. साग, ऐन, धावडा, बिजा, लेंडिया, तेंदू, मोह, सालई, मोवई, पळस, कुसुम ही इथली मुख्य मंडळी.

जानेवारीच्या शेवटी कोक्यात एका उंचवट्यावर उभं राहिलं की जंगल एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थांत दिसतं. मोवई आणि काटेसावर यांनी पानं आधीच टाकलेली असतात. खडकाळ चढावरची सालई पिवळी पडून मोकळी होत असते, तिची सुटणारी साल उन्हात चमकते. धावडा तांबूस झालेला असतो आणि लेंडियावर तांब्यासारखी लाली असते. ऐन अजून हिरवा-तपकिरी. साग पिवळसर व्हायला लागलेला, पण पानं धरून. आणि खाली नाल्याकडे नजर टाकली तर जांभूळ, करंज, अर्जुन यांची हिरवी रेघ नाल्यासोबत वळत गेलेली दिसते. एकच हवा, एकच ऊन, एकच थंडी. तरी शंभर पावलांच्या अंतरात कुणी पानं टाकून उभं आहे आणि कुणी भर पावसाळ्यासारखं हिरवं आहे.

हा फरक पाण्याचा आहे. भंडाऱ्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. उरलेले आठ महिने झाडांना जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढायचे असतात. मुरमाड, उथळ मातीतलं पाणी लवकर संपतं, म्हणून टेकडीच्या माथ्यावरचा साग आधी झडतो आणि पायथ्याच्या खोल मातीतला नंतर. ज्याला या भागात ‘मामा तलाव’ म्हणतात, त्या जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीखाली झिरपा असतो. तिथली झाडं त्याच जातीच्या वरच्या झाडांपेक्षा जास्त दिवस हिरवी राहतात. तलावाच्या पाळीवरून फेब्रुवारीत नुसतं खाली पाहिलं तरी भूजल कुठपर्यंत पोचलं आहे ते झाडांच्या रंगावरून कळतं.

मात्र सालई, मोवई, काटेसावर हे गडी जमिनीत ओल असतानाही पानं टाकतात. त्यांचं लाकूड मऊ असतं आणि खोडात पाणी साठवलेलं असतं. ते पाणी पानांवाटे उडू नये म्हणून ते आधीच मोकळे होतात आणि साठवलेल्या पाण्यावर कोरड्या दिवसांत फुलतात. काटेसावरीची लाल फुलं पानं नसलेल्या फांदीवर येतात ती याच बळावर.

देठाशी काय घडतं

सागाचं गळालेलं पान हातात घेऊन पाहा. चांगलं हातभर असतं. वरची बाजू खरखरीत, शिरा उठावदार, आणि वाळल्यावर ते इतकं कडक होतं की पाय पडला की आवाज दूरवर जातो. देठाचं टोक पाहिलं तर ते फाटलेलं दिसत नाही. ते स्वच्छ सुटलेलं असतं. आता ज्या फांदीवरून ते सुटलं ती पाहा. सागाची कोवळी फांदी चौकोनी असते आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. म्हणून गळालेल्या पानांच्या खुणाही समोरासमोर, जोडीने दिसतात. खूण कोरडी, बुजलेली असते, आत रसवाहिन्यांचे बारीक ठिपके.

ही खूण झाडाने आधीपासून तयार केलेली असते. पान कामाचं असतं तोवर ते ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठाकडे पाठवत राहतं. पाणी कमी पडू लागलं, पान म्हातारं झालं की ऑक्सिनचा ओघ आटतो आणि इथिलीनचा अंमल वाढतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर कमकुवत होतो आणि त्याच्या आतल्या बाजूला बुचासारखा संरक्षक थर धरतो. मग फाल्गुनातला साधा वारा पुरतो.

पान पडणं हे झाडाचं काम आहे याचा पुरावा जंगलातच लोंबत असतो. वादळाने किंवा माकडाच्या उडीने हिरवी फांदी मोडली की तिची पानं वाळतात, पण गळत नाहीत. महिनोनमहिने तशीच तपकिरी लटकत राहतात. फांदीच मेल्यामुळे देठाशी तो थर तयार करायला कुणी उरलेलं नसतं.

पान टाकण्याआधी झाड आणखी एक गोष्ट करतं. घर सोडून जाणारं कुटुंब भांडीकुंडी, धान्य, कपडे काढून घेऊन मग कुलूप लावतं, तसं झाड पानातला नत्र आणि स्फुरद परत फांदीत ओढून घेतं. साधारणपणे निम्मा ऐवज असा वाचतो. पानातलं हरितद्रव्य मोडून टाकणं हा याच आवराआवरीचा भाग आहे. हिरवा रंग गेला की आधीपासून पानात असलेले पिवळे-नारिंगी कॅरोटिनॉइड दिसू लागतात. लाल रंगाचं तसं नाही. अँथोसायनिन हे द्रव्य झाड त्या शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतं, आणि त्यासाठी पानात साखर लागते.

इथे हवामान येतं. लख्ख ऊन असलं की पान दिवसभर साखर बनवतं. रात्र गार असली की ती साखर पानातून बाहेर सावकाश जाते. त्यात देठाकडच्या वाहिन्या बंद होत आलेल्या. साखर पानातच अडकते आणि लाली चढते. व्हरमाँटमधल्या मेपलला जो रंग येतो तो याच जुळणीने: उन्हाचे दिवस, गार पण हिमतुषार न पडणाऱ्या रात्री. भंडाऱ्यात डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो आणि दिवसा आभाळ निरभ्र असतं. धावडा आणि लेंडिया याच दिवसांत तांबूस होतात. जानेवारी ढगाळ गेला, रात्री उबदार राहिल्या तर तीच झाडं मळकट पिवळी होऊन झडतात. आणि पाणी सावकाश न आटता एकदम तुटलं, ऊन लवकर कडकलं, तर झाडाला आवराआवर करायला वेळच मिळत नाही. पान करपतं. ज्या वर्षी जंगल नुसतं तपकिरी होऊन झडतं, त्या वर्षी झाडांनी गमावलेलंही अधिक असतं.

थंड देशांत पानगळीचा मुख्य इशारा दिवस लहान होण्यातून मिळतो. बोस्टनला जूनमधला सर्वांत मोठा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस यांत सहा तासांचं अंतर असतं. भंडारा २१ अंश अक्षांशावर आहे. इथे ते अंतर अडीच तासांच्या आसपास. त्यामुळे तिकडे पानगळीची तारीख बरीचशी पंचांगावर चालते, इथे ती मागच्या पावसावर चालते. परतीचा पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला तर जंगल उशिरा झडतं. सप्टेंबरातच पावसाने पाठ फिरवली तर दिवाळीनंतर लगेच उंचावरच्या झाडांचे शेंडे फिके पडू लागतात.

सर्वांत लाल रंग नव्या पानांचा

झाडीपट्टीतल्या रंगांबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे: इथला खरा लाल रंग मरणाऱ्या पानांचा नाही, जन्मणाऱ्या पानांचा आहे.

मार्चच्या मध्यानंतर कोक्याच्या वाटेवर एखादा कुसुम अचानक समोर येतो. आसपास साग पूर्ण उघडा, जमीन वाळक्या पानांनी झाकलेली, हवेत धूळ. आणि त्यात एक झाड शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत गडद लाल. लांबून ती फुलं वाटतात. जवळ गेलं की पानं असतात, कोवळी, मऊ, लोंबती, अंगावर तुकतुकी असलेली. उन्हाकडे धरली तर आरपार माणकाचा रंग. आठवडा-दोन आठवड्यांत ती तांबूस-पोपटी होतात आणि मग हिरवी. पिंपळाची पालवी तांबूस-गुलाबी, रोहनाची लाल, मोहाची फुलं संपल्यावर येणारी पालवीही तांबूस. सागाचं कोवळं पान चुरगाळलं तर बोटं लाल होतात, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

या लालीमागेही अँथोसायनिनच आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसं भरलेलं नसतं, वरून एप्रिलचं ऊन. ते ऊन सोसायला लाल द्रव्य मदत करतं असं बरेच अभ्यासक मानतात. किड्यांना लाल पान कमी आकर्षक वाटत असावं, हाही एक विचार आहे. यावर अजून एकमत नाही.

त्याहून मोठं कोडं म्हणजे झाडं पावसाची वाट न पाहता ऐन उन्हाळ्यात पालवतातच कशी. जमीन भेगाळलेली, विहिरी खोल गेलेल्या आणि वर कोवळी पानं. याचं उत्तर पुन्हा पानगळीतच आहे. पानं गेली की झाडातून उडणारं पाणी जवळजवळ थांबतं. खोल गेलेली मुळं थोडं थोडं पाणी ओढत राहतात, खोड पुन्हा भरतं आणि कळ्या फुटतात. मार्चमध्ये वाढत असलेला दिवसही त्यांना जागं करतो. पावसाआधी पालवण्याचा फायदा काय, हे के. एस. मुरली आणि रामन सुकुमार यांनी दक्षिणेतल्या मुदुमलाईच्या पानझडी जंगलात तपासलं होतं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की कोरड्या दिवसांत आलेल्या पालवीला कीटक कमी खातात. पावसासोबत पालवणाऱ्या झाडांना मात्र पावसासोबत आलेल्या अळ्यांच्या फौजेला तोंड द्यावं लागतं. कोक्यातल्या सागाच्या जाळीदार पानांशी याचा संबंध असावा. साग आळशी, पाऊस पडल्यावर किंवा अगदी तोंडावर पालवतो, आणि त्याची किंमत मोजतो.

आभाळ आलं की

पानगळीकडे नुसतं पाहणारा पाहुणा असतो. इथल्या माणसांच्या घरात तिचे पैसे येतात किंवा येत नाहीत.

मोहाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात आणि मोकळ्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. रसदार, फिकट पिवळी फुलं पहाटेपासून टपटप गळतात. उजाडण्याआधी बायका, मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, कारण चितळ आणि अस्वलंही येतात. एकेका झाडाखाली कोणत्या घराने वेचायचं हे बहुतेक गावांत ठरलेलं असतं. या काळात स्वच्छ ऊन आणि कोरडी हवा हवी. मोह वेचणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार आभाळाची असते. ढग राहिले की गळ कमी होते, गारा पडल्या की कळ्याच झडतात, आणि वेचलेली फुलं ओली झाली तर काळी पडून सडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये विदर्भात गारपीट झाली तेव्हा बातम्या गहू-हरभऱ्याच्या आल्या. त्या पिकांचा पंचनामा होतो. मोहाच्या कळ्यांचा पंचनामा होत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

तेंदूचं गणित आणखी नाजूक आहे. बिडीसाठी लागतं ते कोवळेपण सरलेलं पण जरठ न झालेलं, अख्खं, डाग नसलेलं पान. चांगली पालवी यावी म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला झुडपांची बेलकटाई, म्हणजे छाटणी, करतात. मग एप्रिल-मे मध्ये तोड. पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरी आणून सत्तर-सत्तर पानांचं पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचं. हजार पुडक्यांचं एक स्टँडर्ड बोरं. पुडकी उघड्यावर पालथी घालून वाळवतात. या वाळवणीच्या दिवसांत पाऊस आला तर माल काळवंडतो, आणि गारा आल्या तर झुडपावरचं पान फाटून कामातून जातं. मे २०२५ महाराष्ट्रात विलक्षण पावसाचा गेला आणि मान्सून २४ मे रोजीच केरळात पोचला, २००९ नंतर इतक्या लवकर प्रथमच. ज्यांचा वर्षाचा रोख पैसा त्या दोन-तीन आठवड्यांत येतो, त्यांच्यासाठी लवकर आलेला पाऊस ही आनंदाची बातमी नसते.

झाडालाही हा अवेळी पाऊस गोंधळात टाकतो. पानं टाकून बसलेल्या झाडाच्या मुळाशी जोराचा पाऊस पडला की काही दिवसांत कळ्या फुटतात. पुढे महिनाभर कडक ऊन राहिलं तर त्या कोवळ्या पानांचं खरं नाही. उलट डिसेंबरात मावठा झाला की पानं आणखी काही दिवस टिकतात आणि मोहाची फांदी मोकळी व्हायला वेळ लागतो.

पाचोळा आणि आग

एप्रिलमध्ये सागाच्या रोपवनात पाचोळ्याचा थर घोट्याच्या वर असतो. हा थर जमिनीची ओल धरतो, पहिल्या पावसाचा मारा झेलतो, आणि पावसाळ्यात वाळवी, बुरशी, गांडुळं त्याची माती करतात. झाडाने परत न घेतलेला नत्र याच वाटेने त्याला मिळायचा असतो. पण जून येईपर्यंत तो थर टिकला पाहिजे.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा साफ करतात, वाटांवरचा पाचोळा ब्लोअरने बाजूला सारतात. उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या सूचना भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर येतात. आग विझवायची मात्र माणसांनाच, बऱ्याचदा हिरव्या फांद्यांनी झोडपून. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. पाचोळा, चढ आणि वारा एकत्र आले की आग माणसापेक्षा वेगाने धावते.

आग लागते ती जवळजवळ नेहमी माणसाकडून. मोहाची फिकट फुलं पाचोळ्यात दिसावीत म्हणून झाडाखाली पानं जाळतात, तेंदूला जोमदार पालवी फुटावी म्हणून पेटवतात, कुणी बिडीचं थोटूक टाकतं. मोह वेचणाऱ्या बाईला दोष देऊन हात झटकणं सोपं आहे. तिच्याकडे झाडाखालची जागा साफ करायला खराट्याशिवाय काही नसतं आणि दिवस उजाडायच्या आत काम उरकायचं असतं. मध्य भारतात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. फूल स्वच्छ मिळतं, भाव बरा मिळतो आणि पाचोळा जागेवर राहतो. मोहाच्या हंगामाआधी गावागावांत अशा जाळ्या पोचवणं आग विझवण्यापेक्षा स्वस्त आहे आणि त्यात कुणाचा जीव जात नाही.

एक झाड, एक वही

भंडाऱ्यात किती पाऊस पडला, पारा किती उतरला, हे रोज नोंदलं जातं. गावाच्या नाक्यावरचा पळस यंदा कधी मोकळा झाला, हे नोंदलं जात नाही. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून हे काम केलं. चेरी कधी फुलली, गिंको कधी पिवळा झाला, मेपल कधी लाल झाला, पानं कधी गळाली, याच्या तारखा ठराविक झाडांवरून तिथे लिहून ठेवल्या. २०२१ पासून नोंदींची यादी छोटी केली, तरी गिंको आणि मेपलची पानगळ तिच्यात कायम आहे. ऋतू सरकतो आहे की नाही यावर तिथे तारखा पुढे ठेवून बोलता येतं. इथे मोह अलीकडे लवकर येतो की उशिरा, या प्रश्नाला प्रत्येक गावात वेगळं उत्तर मिळतं आणि कुणाकडेच कागद नसतो.

आपल्या देशात २०१० च्या सुमारास सुरू झालेला ‘सीझनवॉच’ हा उपक्रम शाळांना आणि नागरिकांना हेच करायला सांगतो. एक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा त्याच्याकडे नीट पाहायचं, कोवळी पानं, जून पानं, वाळती पानं, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद करायची. त्याला पैसे लागत नाहीत. साकोली, लाखनी, तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर, भंडारा या सातही तालुक्यांतल्या शाळांच्या आवारात किंवा कुंपणाबाहेर एखादं मोहाचं, पळसाचं किंवा सागाचं झाड शोधायला अडचण पडू नये.

शिक्षकांना माझी विनंती आहे: दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील तेव्हा झाडं अजून हिरवी असतील. मुलांकडून एक झाड निवडून घ्या, वहीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दर आठवड्याला एक ओळ लिहायला लावा. ती वही वर्ष संपल्यावर रद्दीत देऊ नका.